२८ सांधे, ९ प्रश्न

सोमवार, पहाट

अलार्मच्या बरीच आधी जाग आली. डोळे उघडण्यापूर्वी मूठ मिटते का ते बघायची आता सवयच झालीय. आज मिटली नाही. तर्जनी आणि मधलं बोट तळव्यापर्यंत पोचेचनात. मनगटं जड. पाय खाली टेकवले तर चवड्याखाली खडे पसरून ठेवल्यासारखं झालं.

मला ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. मग सकाळीच एवढं का आखडतं? आधी मी गादीला दोष द्यायचे, मग उशीला. डॉक्टरांनी सांगितलं की दाह वाढवणारी रसायनं, विशेषतः इंटरल्युकिन-६, रात्रीच्या उत्तरार्धात रक्तात चढतात आणि त्यांना आवरणारं शरीरातलं कॉर्टिसॉल त्या मानाने अपुरं पडतं. म्हणून उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त, हात आपले नसतात. दिवस चढतो तसे मोकळे होतात.

नैराश्याचं वेळापत्रकही असंच. ते खोल असलं की पुष्कळांना सकाळच सर्वांत वाईट जाते आणि संध्याकाळी जरा हलकं वाटतं. म्हणजे माझ्या दोन्ही दुखण्यांनी एकच वेळ गाठलीय. पहाटे पडून असते तेव्हा मला अंथरुणात कोण धरून ठेवतंय, सांधे की मन, हे मला खरंच सांगता येत नाही. विचारणाऱ्याला मात्र उत्तर हवं असतं. "दुखतंय म्हणून उठली नाहीस की मूड नाही म्हणून?" दुखतंय म्हटलं तर सहानुभूती मिळते. दुसरं उत्तर दिलं की समोरचा गप्प होतो किंवा उपदेश सुरू करतो. म्हणून मी वर्षानुवर्षं पहिलंच उत्तर देत आले. आता नाही देणार.

मंगळवार

संधिवाततज्ज्ञांकडे तपासणी होती. सांधे मोजले. त्यांच्याकडे एक ठरलेली पद्धत असते, डीएएस-२८. खांदे, कोपरं, मनगटं, दोन्ही हातांची बोटांच्या मुळाशी आणि मध्ये असलेली पेरं, गुडघे, असे मिळून २८ सांधे. प्रत्येक दाबून बघायचा, दुखतो का, सुजलाय का. त्यात रक्तातला ईएसआर, म्हणजे दाह किती आहे ते दाखवणारा आकडा, मिळवायचा. आलेला आकडा २.६ च्या खाली असला तर आजार शांत, ५.१ च्या वर गेला तर जोरात. ही पद्धत चांगली आहे. ती नव्हती तेव्हा औषध वाढवायचं की नाही हे बरंचसं अंदाजावर चालायचं. पण त्या २८ मध्ये पावलं नाहीत. माझा सगळ्यात जास्त जीव जातो तो पावलांपायी, आणि मोजणीत ती धरलीच जात नाहीत. डॉक्टर चांगले आहेत, ते मुद्दाम चपला काढायला सांगतात आणि बघतात. पण आकड्यात ते येत नाही ते नाहीच.

आणि शेवटी एक रेघ. ० पासून १०० पर्यंत, ० म्हणजे अगदी बरं, १०० म्हणजे सगळ्यात वाईट. एकूण आजाराचा विचार करता आज तुम्हाला कसं वाटतंय, त्यावर खूण करा.

पेन हातात घेऊन मी किती वेळ बसले. दोन-तीनच सांधे सुजलेले, ईएसआर आटोक्यात. पण "कसं वाटतंय" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर रेघेच्या पार उजव्या टोकाला होतं. मी तिथे खूण केली. ही खूणसुद्धा त्या अंतिम आकड्यात मिसळते. म्हणजे मन बुडालेलं असलं की सांधे बरे असूनही आजार आहे त्यापेक्षा जोरात दिसतो आणि औषध वाढू शकतं, जे औषध वाढायला नको होतं. उलट मन सावरलेलं दाखवलं तर खरंखुरं दुखणं झाकलं जातं. डॉक्टरांनी कागद वर धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सूज तर फारशी नाही. मग हे इथे काय आहे?" आवाजात आरोप नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. इतक्या भेटींत पहिल्यांदाच त्या खोलीत मनाचं नाव निघालं.

मंगळवार, रात्र

मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेला कागद भरला. पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली, ९ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. अजिबात नाही याला ०, जवळजवळ रोज याला ३. एकूण २७ पैकी. १० किंवा त्याहून जास्त आलं की नैराश्य आहे का ते नीट तपासतात.

झोप लागत नाही? लागते, पण कूस बदलताना खांदा ठणकतो आणि मोडते. थकवा? या आजाराचा थकवा झोपेने जात नाही. भूक? मेथोट्रेक्सेट, म्हणजे माझं सांध्यांचं मुख्य औषध, घेतल्यावर दोन दिवस भूक मरते. हालचाली मंदावल्यात, इतरांना जाणवण्याइतक्या? हो, कारण मला जिना उतरता येत नाही. मनाची चौकशी करणाऱ्या कागदावर माझे सांधेच उत्तर देत बसतात. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञ बाई बेरजेवर विसंबत नाहीत. पहिले दोन प्रश्न त्या सावकाश, पुन्हा तोंडी विचारतात: कशात रस वाटतो का, आणि मन उदास, हताश असतं का. त्यांच्या मते शरीराच्या आजारात नैराश्य ओळखायचं तर याच दोन उत्तरांकडे सर्वांत जास्त बघावं लागतं. मलाही ते पटतं. बोटं सुटली की मला आवडीच्या गोष्टीकडे जाता यायला हवं. बोटं सुटलेल्या दुपारीही मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, हे सांध्यांचं काम नव्हे.

नववा प्रश्न जगणं नको वाटण्याबद्दल आहे. मी "काही दिवस" वर खूण केली. सकाळ झालीच नाही तर बरं, असं वाटतं कधीकधी. बाईंनी मागच्या वेळी हे ऐकून घाबरून चेहरा केला नाही. सरळ विचारलं, काही करायचं ठरवलंय का, तसं काही हाताशी आहे का. नाही ठरवलेलं. तरी माझ्या सगळ्या गोळ्या नवऱ्याच्या ताब्यात द्यायच्या, आठवड्यापुरत्याच बाहेर ठेवायच्या, आणि असं वाटायला लागलं की कोणाला आधी फोन करायचा ती नावं फोनमध्ये वर ठेवायची, एवढं तिथेच बसून ठरवलं. हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात असं येत असेल तर कृपा करून आजच कोणाला तरी सांगा. थेट विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, हे तज्ज्ञांनी तपासून पाहिलेलं आहे. विचारलं की सुटका वाटते, मी अनुभवलंय.

(हे सगळं मी फोनला बोलून सांगतेय. पेन फार वेळ धरवत नाही, आणि माझी सहीसुद्धा आता माझ्या जुन्या सहीशी जुळत नाही. जिथे तिथे ओळख पटवावी लागते.)

शनिवार

मेथोट्रेक्सेटचा वार. आठवड्यातून एकदाच, चुकूनही रोज नाही. पाकिटातून पिवळी गोळी बाहेर येताना दिसली की पोट ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं. गोळी अजून तळहातावरच असते! डॉक्टर म्हणाले, हे अनेकांना होतं, आधीच्या मळमळीची आठवण ठेवून शरीर गोळी घेण्याआधीच ढवळायला लागतं. आता नवरा गोळ्या छोट्या वाटीत झाकून आणतो, मी डोळे मिटून घेते. फॉलिक ॲसिडने थोडा फरक पडला, मेथोट्रेक्सेट रात्री झोपताना घेतल्याने जास्त.

ताईचा फोन आला होता. "अगं, मन खंबीर ठेव, अर्धा आजार मनाचाच असतो." ती प्रेमानेच बोलते, मला माहीत आहे. पण या वाक्याने मी आजवर जितकी खचले तितकी दुखण्यानेही खचले नाही. त्यातून निघणारा अर्थ असा की मी कमी पडले म्हणून दुखतंय. आज मी तिला पहिल्यांदाच नीट सांगितलं. हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉन, म्हणजे प्रतिकारशक्तीचं दाहाशी निगडित एक रसायन, द्यायचे, आणि पुष्कळ जणांना, आधी कधीही तसा त्रास नसताना, त्या इंजेक्शनांनी नैराश्य आलं. म्हणजे दाहाशी निगडित रसायनं मेंदूपर्यंत पोचतात, मन पाडू शकतात. माझ्या सांध्यांत आणि मनात जे चाललंय त्यातलं काही एकाच मुळाचं असू शकतं. ताई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "हे मला कोणी सांगितलंच नव्हतं गं."

पण सगळं दाहावर ढकलणं मला मान्य नाही, हेही तिला सांगितलं. दुःखही आहे. मायकेल बरी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये याच आजाराच्या रुग्णांच्या मुलाखतींवरून लिहिलं की दीर्घ आजार माणसाने गृहीत धरलेल्या आयुष्याचाच धागा तोडतो. मी पुढच्या वीस वर्षांचं काय काय धरून चालले होते! ते गेलं. त्याबद्दल रडायला मला रक्ताचा रिपोर्ट लागू नये.

सोमवार, संध्याकाळ

आज दोन्ही फाइली एकाच पिशवीत घालून संधिवाततज्ज्ञांकडे परत गेले. आतापर्यंत एका खोलीत सांधे दाखवायचे, दुसऱ्या खोलीत मन, असं चालत आलं होतं. त्यांनी मानसोपचाराची चिठ्ठी वाचली आणि लगेच थांबले. नैराश्यासाठी मी जी एसएसआरआय गटातली गोळी घेते ती आणि फ्लेअरमध्ये, म्हणजे आजार उसळतो तेव्हा, मी घेते ती दुखण्याची गोळी, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्याशिवाय हे कोणाच्या लक्षात येणार? त्यांनी दुखण्याची गोळी बदलली, पोटाच्या संरक्षणाची एक जोडली, आणि माझ्यासमोरच मानसोपचारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. दोघं माझ्याबद्दल बोलत होती, मी समोर बसून ऐकत होते. मेथोट्रेक्सेट आहे तेवढंच ठेवायचं, वाढवायचं नाही, असं ठरलं. त्या रेघेवरची माझी खूण पुढच्या वेळी दोघांनाही पाठवली जाईल. मी एवढंच मागत होते.

बाईंनी दर दिवशी एकच काम ठरवून दिलंय: दुखायला लागण्याआधी थांबायचं. पंधरा मिनिटं चालणं, मग बसणं, मग पुन्हा. बरं वाटलं म्हणून एका दिवशी सगळं उरकायचं नाही, कारण त्याचे पुढचे तीन दिवस भरावे लागतात. अवघड आहे. चांगल्या दिवशी थांबणं हे वाईट दिवशी उठण्यापेक्षा अवघड जातं मला. आज दोन वेळा जमलं, तिसऱ्या वेळी कपाट आवरत बसले आणि मनगट बोलायला लागलं.

उद्या रक्ततपासणी आहे, लिव्हर आणि ईएसआर. सकाळी मला हात सुटायला वेळ लागतो, म्हणून तपासणीची वेळ दहानंतरची मागून घेतलीय. मिळाली.