तंबोऱ्याखालची गुणगुण आणि सोळा युनिटचा रॅक

पुण्यातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत मुख्यतः शास्त्रीय गाणं रेकॉर्ड होतं. या गाण्याखाली काहीही लपत नाही. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकमध्ये लावला, की पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास बोलते. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि उपकरणांतून जी गुणगुण येते तिच्यात बहुतेक वेळा तिची दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ, ठळक असते. थोडक्यात, खऱ्या पंचमाला खेटून एक उतरलेला पंचम अखंड वाजत राहतो. गायक विचारतात, "तंबोरा जरा उतरलाय का हो?" तंबोरा अगदी सुरात असतो. फिल्टर लावून ती गुणगुण काढायला जावं, तर पंचमाच्या तारेलाही धक्का लागतो. त्यामुळे टेबलावरची उपकरणं रॅकमध्ये बसवायची ठरली तेव्हा मी एकच अट धरली: कुठली वस्तू कुठे बसेल ते कानाने ठरवायचं, दिसण्यावरून नाही.

लाकडी रॅक सुतारकाकांकडून करून घेतला, १८ मिमी प्लायचा. उपकरणं स्क्रूने अडकवायच्या उभ्या, भोकांच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे रेल, तयार आणल्या. रॅकच्या उपकरणाची दर्शनी पट्टी १९ इंच रुंद असते आणि उंची युनिटमध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिमी. मी मिलिमीटरचे आकडे सांगत होतो, काका डोकं खाजवत होते. मग म्हणाले, "अहो, चौदा सूत म्हणा की!" खरंच की. एका इंचाची आठ सुतं, त्यामुळे युनिट बरोबर चौदा सुतांचं. आणि रेलवरची भोकंही सुतातच बसतात: ५ सूत, ५ सूत, मग ४ सूत, पुन्हा ५, ५, ४. हे ४ सुताचं अंतर महत्त्वाचं, कारण दोन युनिटांची हद्द त्याच्या मधोमध असते. तिथून मोजायला सुरुवात केली तरच पट्टीची भोकं रेलच्या भोकांवर येतात. एक भोक वर-खाली झालं, की वरची सगळी उपकरणं अडतात. सोळा युनिट म्हणजे नेमके २८ इंच. काकांनी दोन्ही रेल एका पातळीत लावल्या, कर्ण मोजून चौकट काटकोनात असल्याची खात्री केली, आणि खाली चाकं बसवली. चाकांचा आग्रह माझा होता. रॅकचं खरं काम पाठीमागून चालतं आणि तिथे माणसाला हात घालता आला पाहिजे.

आता मांडणी. जड ते खाली, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. माझा स्पीकरचा पॉवर अँप सर्वांत जड, त्याच्या पोटात मोठा ट्रान्सफॉर्मर. तो तळाला गेला, आणि त्याला मागून आधार म्हणून दोन लोखंडी अँगल दिले. एवढं वजन नुसत्या पुढच्या चार स्क्रूंवर टांगलं, की पट्टी वाकते. पण ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र असतं आणि ते पातळ पत्र्याला फारसं जुमानत नाही. त्याच्यावर उपाय एकच, अंतर. ते वाढलं, की त्याचा जोर झपाट्याने ओसरतो.

हे प्रत्यक्ष ऐकता येतं, आणि रॅक भरणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकावं असं मला मनापासून वाटतं. स्क्रू लावायच्या आधी मी पॉवर अँप चालू ठेवला, कानाला हेडफोन लावले, माइक प्रीअँपच्या (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या उपकरणाच्या) इनपुटला माइकऐवजी १५० ओमचा रेझिस्टर जोडलेला प्लग लावला आणि गेन, म्हणजे आवाज वाढवायचं बटण, पूर्ण वाढवला. मग प्रीअँप दोन्ही हातांत धरून सावकाश वर नेला. अँपच्या लगेच वर गुणगुण स्पष्ट होती. दोन-तीन युनिट वर गेल्यावर ती बारीक झाली, आणि माथ्याशी नुसती प्रीअँपची स्वतःची सळसळ उरली. प्रीअँप तिथेच, सर्वांत वर बसला. तो व्हॉल्व्हचा असल्याने तापतोही भरपूर, त्यामुळे माथ्यालाच बरा. त्याच्या डोक्यावर एक युनिट जाळीची पट्टी लावून मोकळं ठेवलं. पॉवर अँपच्या वरही तसंच एक. यूपीएस रॅकमध्ये घेतलाच नाही, तो खोलीबाहेर आहे. आवाजातले चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर खुर्चीत बसून हात पोचेल तिथे, आणि आवाज डिजिटल करून कॉम्प्युटरला देणारा कन्व्हर्टर त्याच्या खाली. स्क्रू लावताना चारही आधी हाताने सैल फिरवायचे, मग तिरप्या जोडीने आवळायचे. एक बाजू आधी घट्ट केली, की दुसरीकडचं भोक सापडत नाही.

पॅचबे, म्हणजे सगळ्या उपकरणांच्या जोडण्या एकत्र आणणारी जॅकची पट्टी, मी मधोमध ठेवला. पॅचबेवरचा पाव इंची जॅक मुळात टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डांवरून आलेला आहे, आणि काम आजही तेच: कोणाची लाइन कोणाला जोडायची. वरच्या ओळीत आउटपुट, खालच्या ओळीत इनपुट, आणि जोडणी हाफ-नॉर्मल. म्हणजे दोर न लावता प्रीअँप कॉम्प्रेसरला जोडलेलाच असतो. वर दोर घातला तर मूळ वाट न तुटता आवाजाची दुसरी फांदी मिळते, खाली घातला तर मूळ वाट तुटते. माइक मात्र पॅचबेवर आणले नाहीत. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट द्यावे लागतात, आणि असा जॅक आत-बाहेर करताना त्याचे संपर्क क्षणभर एकमेकांना चिकटतात. ते नकोच. माइक भिंतीतल्या पेटीतून थेट प्रीअँपला जातात.

मागच्या बाजूला विजेच्या वायरी उजवीकडे, आवाजाच्या डावीकडे. जिथे गाठ पडणं टळत नाही तिथे काटकोनात. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच आकडा. बांधायला प्लॅस्टिकच्या टायऐवजी वेल्क्रो, कारण केबल बदलायची वेळ येतेच. रॅक पुढे ओढता यावा इतकी ढील सगळ्या केबलना ठेवली.

हे सगळं झाल्यावरही कॉम्प्युटर जोडला की गुणगुण हजर. म्हणून सगळ्या केबल काढल्या आणि एकेक जोडत, दर वेळी ऐकत गेलो. कॉम्प्युटरची वीज समोरच्या भिंतीवरून येत होती, रॅकची इकडून. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या, की त्यांचं आवाजाच्या केबलमधून एक कडं तयार होतं. इलेक्ट्रिशियनदादांनी एका १६ अँपिअरच्या पॉइंटवरून रॅक आणि कॉम्प्युटर दोन्हींना वीज दिली. २३० व्होल्टला तो साधारण ३६०० वॉट पेलतो आणि माझा सगळा पसारा त्याच्या निम्म्यातही येत नाही. गुणगुण गेली. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. कृपा करून तो ऐकू नका. आत वायर सुटून पत्र्याला लागली, तर त्या पत्र्याला हात लावणारा गायक असतो किंवा तबलजी.

तीन युनिट रिकामी आहेत, साध्या पट्ट्या लावून झाकलेली. दुसरा प्रीअँप येईल तेव्हा तोही आधी हातात धरून, ऐकून मगच बसेल. आणि रॅकच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, माझ्या मागे स्टुडिओ वापरणाऱ्यांसाठी: चालू करताना पॉवर अँप सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी.