जमिनीचं शून्य, समुद्राचं शून्य

मुंबई हार्बरमधल्या एका जेट्टीचा जीआयएस नकाशा, म्हणजे थर एकमेकांवर ठेवता येणारा संगणकावरचा नकाशा, करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी तीन महिन्यांची मुदत सांगितली होती. लागले अकरा. भाडेपट्ट्याचे प्लॉट, गोदामं, रूळ, पाण्याच्या आणि तेलाच्या लाइनी, बर्थ (जहाज लावायची जागा) आणि बर्थसमोरचा समुद्रतळ, हे सगळं एकाच नकाशावर आणायचं होतं. जहाज कुठे लावायचं, कुठला प्लॉट रिकामा आहे, गाळ कधी काढायचा, हे तिघं जण तीन वेगवेगळ्या कागदांवरून ठरवत होते.

पहिला धक्का जुन्या नकाशांनी दिला. स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवले, तर अर्धी गोदामं पाण्यात उभी! त्या कागदांवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट स्फेरॉइडवरचे, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या १८३० सालच्या मापावरचे होते. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. मुंबईत या दोन्हींतला फरक शंभर मीटरहून जास्त भरतो. सूत्राने तो काढता येतो, पण जुना कागद दमट हवेत ताणलेला असतो, त्याला सूत्र पुरत नाही. मग डीजीपीएस, म्हणजे जास्त अचूक जीपीएस, घेऊन आम्ही जागेवरच्या न हललेल्या खुणा शोधत फिरलो: दगडी धक्क्याचा कोपरा, सर्व्हेचा खांब, जुन्या वजनकाट्याचा चौथरा. अशा चौदा खुणा मिळाल्या आणि गोदामं जमिनीवर आली.

खरी परीक्षा समुद्राच्या बाजूला होती.

बर्थच्या बांधकामाच्या ड्रॉइंगवर तळाची लेव्हल उणे १२ मीटर लिहिलेली. सर्व्हे लाँचवरून (मोजणीच्या बोटीवरून) इको-साउंडरने, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून, घेतलेली खोली मात्र ९.५ मीटर. मी दोन्ही थर एकमेकांवर ठेवले, वजाबाकी केली आणि अडीच मीटर गाळ साचल्याचा निष्कर्ष काढला. तीनशे मीटर लांब, पन्नास मीटर रुंद पट्टा. हिशेब ३७,५०० घनमीटरांवर गेला. ड्रेजर (गाळ काढणारं जहाज) मागवण्याच्या पत्राचा मसुदासुद्धा तयार झाला.

छापलेला रंगीत नकाशा मी सहज लाँच चालवणाऱ्या तांडेलकाकांना दाखवला. सगळा पट्टा एकाच रंगाचा होता. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ताई, गाळ असा चादरीसारखा बसत नाही. कोपऱ्यात बसतो, खांबांच्या आड बसतो. मधे जहाजाचा पंखा फिरतो, तिथं टिकत नाही तो."

मी परत ऑफिसात आले आणि ड्रॉइंगच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली टीप पहिल्यांदा वाचली: लेव्हल सरासरी समुद्रसपाटीपासून. साउंडिंग, म्हणजे खोलीची मोजणी, चार्ट डेटमपासून होतं, म्हणजे ओहोटीचं पाणी ज्याच्या खाली सहसा उतरत नाही त्या पातळीपासून. मुंबईत अपोलो बंदरला सरासरी समुद्रसपाटी चार्ट डेटमच्या २.५१ मीटर वर आहे. माझा अडीच मीटर गाळ तोच. तो गाळ नव्हताच, दोन शून्यांमधलं अंतर होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ड्रेजरचा खर्च फुकट गेला असता, हे एक. पण उलटी चूक झाली असती तर? तो १२ चा आकडा खरी खोली समजून पायलटने, म्हणजे बंदरात जहाज आणणाऱ्या वाटाड्याने, भरलेलं जहाज आत आणलं असतं, तर ते तळाला टेकलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून काम नव्याने सुरू केलं. जेट्टीजवळच्या बेंचमार्कपासून (उंची माहीत असलेल्या खुणेपासून) भरतीमापकापर्यंत लेव्हलिंग करून, म्हणजे उंचीतला फरक मोजत जाऊन, दोन्ही शून्यं एकमेकांना बांधून घेतली. प्रत्येक थरात 'शून्य कोणतं' असा रकाना घातला आणि तो भरल्याशिवाय नोंद जतनच होणार नाही, अशी सोय केली. हा रकाना सगळ्यांना त्रासदायक वाटला. मी तो काढू दिला नाही. साउंडिंगही पुन्हा केलं, या वेळी दोन फ्रिक्वेन्सींवर, कारण हार्बरच्या तळाशी पातळ चिखल असतो: उच्च फ्रिक्वेन्सी त्याच्या वरच्या थरावरूनच परत येते, कमी फ्रिक्वेन्सी खालच्या घट्ट तळापर्यंत जाते. गाळ निघाला तो तांडेलकाकांनी सांगितलेल्या जागीच, दोन कोपऱ्यांत आणि खांबांच्या आड.

आता पायलटला नकाशावर चार्टची खोली आणि त्या वेळची भरती, दोन्ही दिसतात. उधाणाच्या भरतीला पाणी चार्ट डेटमच्या वर सरासरी ४.४२ मीटर चढतं, म्हणजे त्या बर्थवर १३.९ मीटरच्या आसपास. उधाणाच्या ओहोटीला १०.२६. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत भरती ३.३० वरच थांबते, त्यामुळे खोल बसलेल्या जहाजांची वेळ आधीच ठरवता येते.

पाण्याची एक लाइन मात्र अजून तुटक रेषेत आहे. दोन ड्रॉइंग तिला रस्त्याच्या दोन बाजूंना दाखवतात, आणि निवृत्त फिटर तिसरीच जागा सांगतात. पाऊस संपला की खड्डा खणून बघायचं ठरलं आहे, आणि त्या दिवशी फिटरकाकांना बोलावलं आहे.