दात वाटीत, वाटी रिक्षात

इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या गल्लीत आज क्रिकेटचा बॉल थेट भाच्याच्या तोंडावर. वरचा पुढचा दात तिरपा तुटला. पक्का दात, दुधाचा नव्हे. ताईची रडारड सुरू, पण आईने फरशीवरून तुकडा शोधून वाटीतल्या गार दुधात टाकला. सुकलेला तुकडा पांढराफटक पडतो, हे तिला कुठून ठाऊक, देव जाणे!

वाटी घेऊन रिक्षाने दातांचा दवाखाना गाठला. एक्स-रेत मूळ शाबूत, नसही उघडी पडली नव्हती. मग डॉक्टरांनी दातावर निळं जेल लावलं (फॉस्फोरिक अॅसिड असतं ते!), धुतलं, मग बाँडिंग (चिकटवायचं द्रव), कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण), तुकडा जागच्या जागी आणि ते घट्ट व्हायला वर निळा लाइट. आता सांध्याची रेघ शोधावी लागते. नस नंतरही मरू शकते, म्हणून चकरा मात्र चालू राहणार.

अख्खा पक्का दात निखळला तर मूळ न घासता, वरचा भाग धरून लगेच खोबणीत बसवायचा. नाही जमलं तर दुधात ठेवून अर्ध्या तासात दवाखाना गाठायचा, असंही ते म्हणाले.

पुढच्या दातांनी चावायला बंदी आहे. पण पठ्ठ्याचं लक्ष सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात. त्याचा डॉक्टरांना प्रश्न: "सराफ्यातला भुट्ट्याचा कीस चालेल ना? तो चावावा लागत नाही."