टाकीवरची बॅग आणि तिच्याखालची खोळ

गाडी मागे फिरवायची म्हणून हँडल उजवीकडे पूर्ण वळवलेलं होतं. वेग माणूस चालेल इतकाच, क्लच अर्धा दाबलेला. आणि इंजिन बंद पडलं. गाडी अगदी शिस्तीत, घाई न करता उजव्या कुशीवर झोपली आणि तिच्या शेजारी मी. मला काही लागलं नाही, ब्रेकचा लिव्हर तेवढा वाकला. उठून पाहतो तर मित्राकडून उसनी आणलेली टँक बॅग, म्हणजे मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर बसवायची बॅग, पुढे सरकली होती आणि तिच्या फुगलेल्या कोपऱ्यानं किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, दाबलं होतं.

ती बॅग लोहचुंबकाची होती. निघण्यापूर्वी मी चाचणीही केली होती, म्हणजे मला तेव्हा ती चाचणी वाटली होती. फ्रिजवरचा चुंबक काढून टाकीच्या मधोमध लावला, तो घट्ट बसला, मी खूश. टाकीच्या दोन्ही बाजूंना लावून पाहण्याचं काही सुचलं नाही. माझ्या गाडीची टाकी दिसते तेवढी टाकी नाही. झाकणाच्या मागेपुढे हातभर लांब, वितीपेक्षा अरुंद अशी पत्र्याची पट्टी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना त्याच रंगाचं प्लास्टिक. जोड इतका सफाईदार की चार वर्षं गाडी पुसूनही माझ्या लक्षात आला नव्हता. बॅगेचा एक चुंबक मधे होता, बाकीचे तिच्या दोन कानांत, आणि ते कान नेमके प्लास्टिकवर लोंबत होते. वजन पेलत होता फक्त मधला एक.

दुसरी चूक म्हणजे हँडल फिरवून पाहिलं होतं ते बॅग रिकामी असताना. भरलेली बॅग पोट सुटल्यासारखी सगळीकडून पसरते, हे मी गृहीतच धरलं नाही.

तेव्हा ठरवलं की आधी गाडी मोजायची आणि मग बॅगेकडे पाहायचं. पुठ्ठ्याचं एक खोकं केलं, ३० सेंटिमीटर लांब, २५ रुंद, २० उंच. बरोबर १५ लिटर. मला हवी होती तेवढीच. ते टाकीवर ठेवून बसलो आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. डावीकडे वळवलं की हॉर्नचं बटण खोक्याला टेकायचं, उजवीकडे वळवलं की किल स्विच. पुढे वाकून बसलो तर खोकं छातीला लागत होतं. ताठ बसलो तर मीटरची खालची ओळ दिसत नव्हती, आणि माझ्या गाडीत ऑइलचा आणि इंजिनाच्या तापमानाचा दिवा त्याच ओळीत आहे. मग कात्री घेऊन खोकं कापत गेलो. दोन बोटं कमी, पुन्हा बसून पाहणं, पुन्हा कात्री. शेवटी थांबलो तेव्हा २८ बाय २२ बाय १२ उरलं होतं. हिशेब केला तर साडेसात लिटरही भरत नव्हतं.

वाईट वाटलं, पण त्या खोक्याइतका उपयोग पुढे कशाचाच झाला नाही. बॅगेवर छापलेले लिटर वाचून काही कळत नाही. दहा लिटरची बॅग उंच आणि निमुळती असू शकते, तशीच बसकी आणि पसरटही. मी प्रत्येक बॅगेशेजारी खोकं धरून पाहायचो, आणि निम्म्या बॅगा तिथल्या तिथे बाद व्हायच्या.

आता ती टिकवायची कशी, हा प्रश्न उरला. चुंबक बाद झालाच होता. टाकी अॅल्युमिनियमची असली तरी तो बादच, अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. शिवाय पूर्ण पत्र्याची टाकी असणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं. चुंबक लोखंडाचा बारीक कीसही ओढून घेतो, आणि रस्त्यावरच्या धुळीत, ब्रेकच्या भुकटीत तो कीस असतोच. बॅग पेट्रोल भरताना जमिनीवर ठेवून परत टाकीवर चढवली की तो कीस सरळ रंगावर घासला जातो. आणि चुंबकाच्या बॅगेत चुंबकीय पट्टीचं कार्ड किंवा होकायंत्र ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रकार रिंगचा. पेट्रोलच्या झाकणाभोवतीचे काही स्क्रू काढून तिथे एक कडं बसवायचं, बॅगेच्या बुडाला त्याचा जोड असतो, तो खट्कन त्यात अडकतो. इटलीच्या गिव्हीची आणि जर्मनीच्या एसडब्ल्यू-मोटेकची अशी व्यवस्था प्रसिद्ध आहे. मला स्वतःला हाच प्रकार सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. बॅग रंगाला जेमतेम टेकते, पट्टे नाहीत, एका हातानं निघते. पण कडं प्रत्येक गाडीच्या झाकणाप्रमाणे वेगळं असतं. स्क्रूंची संख्या वेगळी, त्यांच्यातलं अंतर वेगळं. आणि दिसणाऱ्या स्क्रूंपैकी काही नुसते शोभेचे असतात! माझ्या झाकणावर सात दिसतात, धरून ठेवणारे निघाले चार. माझ्या गाडीसाठी कडं कोणाच्याच यादीत नव्हतं. दुसऱ्या गाडीचं आणून भोकं मोठी करून बसवता येईल असं एकानं सुचवलं. उघड्या पेट्रोलच्या तोंडाशी ड्रिलचा कीस पडणार, या कल्पनेनंच मी तो विचार सोडला. ज्यांना कडं मिळतं त्यांनी बसवताना टाकीच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवावं. स्क्रू आत पडला की दिवस गेला.

राहिले पट्टे. जुनी पद्धत, कुठल्याही टाकीला चालते. पुढचा पट्टा चेसिसच्या मानेभोवती, मागचे दोन सीटखालून चेसिसला. पुढचा पट्टा ओवताना मात्र मी दोनदा चुकलो. तिथूनच ब्रेकची नळी, क्लचची केबल आणि वायरींचा जुडगा जातो, आणि हँडल वळलं की ते सगळं हलतं. पट्टा त्यांच्यावरून घेतला तर हँडल वळवताना केबल ओढली जाते. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवलं आणि पहिल्या खेपेला इंजिनाचे फेरे आपोआप वाढले, तेव्हा कळलं की ॲक्सिलरेटरची केबल अडकते आहे. पट्टा पुन्हा काढला, केबलच्या आतून घेतला. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून शिवून टाकली.

बॅगही मिळाली, माझ्या खोक्याच्या मापापेक्षा बोटभर उंच, पण वरून उतरती असल्यामुळे चालली. कापड १६८० डेनियरचं. हा डेनियर काय प्रकार आहे ते तेव्हा समजून घेतलं. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये जे वजन, ते डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच. पाणी अडेल की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. ते काम आतल्या लेपाचं आणि शिवणींवरच्या पट्टीचं. बॅगेची चेन तर कितीही चांगली असली तरी मुसळधार पावसात पाझरतेच. बरोबर आलेलं रेनकव्हर पहिल्याच पावसात वाऱ्यानं फुगून फडफडायला लागलं आणि एका उतारावर उडून गेलं. आरशात त्याला जाताना पाहिलं, पतंगासारखं. त्यानंतर मी रेनकव्हरच्या नादी लागलो नाही. सामान आत एका तोंड गुंडाळायच्या जलरोधक पिशवीत असतं, बाहेरची बॅग भिजली तर भिजू दे.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण तीन दिवसांच्या एका कच्च्या रस्त्यांच्या प्रवासानंतर बॅग काढली आणि टाकीवर तिच्या बुडाच्या आकाराचा धुरकट डाग दिसला. पुसला, गेला नाही. पॉलिश केलं, अर्धाच गेला. बॅगेचं बूड मऊ, न घसरणाऱ्या रबरी जाळीचं होतं. पण जाळी मऊ असून काय उपयोग, तिच्यात बसलेली धूळ मऊ नव्हती. इंजिनाच्या थरथरीनं तीन दिवस ती टाकीवर पॉलिशपेपरसारखी फिरली.

पारदर्शक फिल्म लावून मोकळं होता आलं असतं. आज कोणी विचारलं तर मी आधी तेच सांगेन, रंग शाबूत असतानाच लावा. माझा रंग आधीच गेलेला, आणि बॅग पट्ट्यांवर अजूनही थोडी डावीउजवीकडे डुलत होती. म्हणून टाकीच्या कव्हरकडे वळलो. फ्रान्सची बॅगस्टर कंपनी यासाठी ओळखली जाते. विशिष्ट गाडीच्या टाकीच्या मापानं शिवलेली खोळ, तिच्यावर बक्कलं, आणि बॅग त्या बक्कलांत अडकते. पट्टे सगळे खोळीखाली, कायमचे. माझ्या गाडीची खोळ तयार मिळत नव्हती, तेव्हा शिवून घ्यायची ठरवली.

सीट शिवणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे गेलो. त्यांनी टाकीवर हात फिरवला, झाकण उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, "हे सीट नाही. सीटवर माणूस बसतो, कापड ताणून राहतं. इथं वारं येणार खालून."

"मग जमणार नाही का, काका?"

"जमेल. माप तुम्ही आणा. कागदाचं. सुरकुती दिसली तर परत पाठवीन."

वर्तमानपत्राचे तुकडे चिकटपट्टीनं टाकीवर जोडत मी एक अख्खी दुपार घालवली. वक्र पृष्ठभागावर कागद सपाट बसत नाही, चिमट्या घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक चिमटी म्हणजे पुढे एक शिवण. दोनदा परत पाठवलं त्यांनी. तिसऱ्यांदा काही न बोलता कागद ठेवून घेतला.

रेक्झिन जाड घेतलं. आतल्या अस्तरासाठी मी स्पंज सुचवला होता, काकांनी तो उडवून लावला, आणि त्यांचं बरोबर होतं. स्पंज पाणी धरून ठेवतो आणि ते पाणी दिवसभर रंगाला चिकटून राहतं. त्याऐवजी मऊ लोकरीसारखं कृत्रिम कापड लावलं. दोरा नायलॉनचा, कारण सुती दोरा ऊनपावसात कुजतो. चेसिसला अडकणाऱ्या आकड्यांवर प्लास्टिकची नळी चढवली.

खोळ बसली छान. पहिल्या रविवारी निघालो आणि तासाभरानं गाडी गचके द्यायला लागली. थांबलो, पाच मिनिटांनी चालू झाली, पुन्हा थोड्या वेळानं तेच. प्लग पाहिला, काही नाही. शेवटी पेट्रोल किती आहे ते बघावं म्हणून झाकण उघडलं आणि आत जोरात सुस्स करून हवा गेली.

खोळीत झाकणासाठी गोल भोक होतं, पण पाणी जाऊ नये म्हणून मी हट्टानं त्यावर एक पाळं, म्हणजे झापड, शिवून घेतलं होतं. ते झाकणावर घट्ट दाबून बसत होतं. पेट्रोल खाली जातं तशी टाकीत हवा यावी लागते, ती झाकणातल्या बारीक वाटेनं येते. ती वाट मी रेक्झिननं बुजवली होती. टाकीत पोकळी तयार झाली की पेट्रोल नीट उतरत नाही. झाकणाच्या खाचेत साचणारं पावसाचं पाणी काढून देणारं छोटं भोकही तिथंच असतं, तेही झाकलं गेलं होतं. पाळं तिथेच चाकूनं कापून टाकलं. काकांना नंतर दाखवलं तर ते हसले. "तुम्हीच म्हणालात, पाणी जाऊ नये."

आता दीड वर्ष झालं. खोळ दर पंधरा दिवसांनी, आणि पावसात भिजल्यावर लगेच, काढतो. आत जमलेली धूळ झटकतो, टाकी ओल्या फडक्यानं पुसतो, दोन्ही वाळू देतो. हे केलं नाही तर खोळ म्हणजे तीच जुनी रबरी जाळी, आकारानं मोठी. पेट्रोल भरताना थेंब सांडला आणि खोळीखाली झिरपला तर तिथल्या तिथे खोळ सोडावी लागते, कारण कोंडलेलं पेट्रोल रंग मऊ करतं. खोळीखालचा रंग आता उघड्या रंगापेक्षा गडद दिसतो. ऊन लागत नाही ना. म्हणजे गाडी विकायला काढली तर टाकीवर खोळीचा नकाशा दिसणार, याची तयारी ठेवली आहे.

बॅगेत काय असतं? पावसाळी हातमोजे, पाण्याची मऊ पिशवी, हेल्मेटची काच पुसायचं फडकं, कागदपत्रं. पाने आणि स्क्रू ड्रायव्हर सीटखाली. समोरून धडक बसली तर माणूस सगळ्यात आधी टाकीवर आदळतो, आणि आपलं पोट आणि टाकी यांच्यामध्ये लोखंड असावं असं मला वाटत नाही.

हॉर्नचं बटण मात्र डावीकडे पूर्ण वळवलं की अजूनही बॅगेला टेकतं, हातमोजे जाड असले तर. गाडी पार्किंगमधून काढताना एकदा वाजतोच. शेजारच्यांना आता कळतं की मी लांबच्या प्रवासाला निघालो आहे.