अकरावीपासून पूर्णवेळ कॉलेज: ‘रनिंग स्टार्ट’चा माझा अनुभव

पुण्याला फोनवर “मुलगी अकरावीत आहे, कॉलेजला जाते” असं सांगितलं तर कुणालाच त्यात विशेष वाटत नाही. दहावी झाली की कॉलेज, हे महाराष्ट्रात ठरलेलंच. पण आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवतात तो बोर्डाचा अभ्यासक्रम. इथे वॉशिंग्टन राज्यात रनिंग स्टार्ट घेतलेली अकरावीची मुलं पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसतात, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मोठ्या माणसांच्या शेजारी, आणि तिथली ग्रेड कायमची कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, राहते. १९९० च्या कायद्याने ही सोय सुरू झाली. अकरावी-बारावीच्या मुलांना कम्युनिटी आणि टेक्निकल कॉलेजांत, शिवाय सेंट्रल आणि ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या काही विद्यापीठांत ट्यूशन न भरता शिकता येतं. दोन्ही वर्षं पूर्णवेळ कॉलेज केलं तर बारावीच्या अखेरीला हायस्कूल डिप्लोमा आणि दोन वर्षांची असोसिएट डिग्री एकदमच हातात येऊ शकतात.

आमच्या घरात हे दोन्ही वर्षं पूर्णवेळ झालं. त्यानंतर सिएटलजवळच्या रेडमंड-बॉथेल भागातल्या बऱ्याच मराठी घरांत फॉर्म भरायला बसलो. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: अभ्यासाने अडलेली मुलं थोडी, हिशेबाने अडलेली जास्त. हायस्कूलला २४ क्रेडिटचा डिप्लोमा पुरा करायचा असतो, कॉलेजला ९० क्रेडिटची डिग्री, आणि दोन्हीकडचा मेळ घालणं हे कुणाच्याच नोकरीचं काम नाही. शाळेचा काउन्सेलर डिप्लोमा बघतो, कॉलेजचा ॲडव्हायझर डिग्री बघतो. मधली जागा पालकांनी आणि मुलांनीच भरायची.

म्हणून सुरुवात कॉलेजच्या कॅटलॉगपासून करू नका. दहावीच्या जानेवारीत काउन्सेलरकडून ग्रॅज्युएशनचा ताळा मागून घ्या: कुठल्या विषयात किती क्रेडिट झाले, किती उरले. राज्याचा २४ चा साचा असा: इंग्रजी ४, गणित ३, सायन्स ३, सोशल स्टडीज ३, आर्ट्स २, हेल्थ-फिटनेस २, परकीय भाषा २, करिअर-टेक्निकल १, बाकीचे इलेक्टिव्ह. नववी-दहावीत साधारण निम्मे होतात. मागे राहतात ते बहुधा इंग्रजीची दोन वर्षं, यूएस हिस्टरी, जगाचा आधुनिक इतिहास, सिव्हिक्सचा अर्धा, आणि हटकून विसरला जाणारा हेल्थ किंवा फिटनेसचा अर्धा-एक क्रेडिट. भारतातून किंवा दुसऱ्या राज्यातून आठवीनंतर आलेल्या मुलांनी वॉशिंग्टन स्टेट हिस्टरीची नोंदही तपासावी. ती इथे बहुतेकांची मिडल स्कूलमध्येच होऊन जाते, त्यामुळे नंतर आलेल्यांच्या बाबतीत ती राहिली आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. कधी तिच्यातून सूटही मिळते, पण मागावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा: कॉलेजचे ५ क्वार्टर क्रेडिट म्हणजे हायस्कूलचा १ पूर्ण क्रेडिट. क्वार्टर म्हणजे कॉलेजचं एक सत्र. शाळेत जे वर्षभर चालतं ते कॉलेजात दहा-अकरा आठवड्यांत. इंग्लिश १०१ आणि १०२ घेतले की कागदावर इंग्रजीची दोन वर्षं संपली, तीही अकरावीच्या मार्चपर्यंत. ऐकायला झकास वाटतं. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. ताप, फ्लू, एक लग्नाची भारतवारी यात तीन आठवडे गेले, तर शाळेत ते सेमिस्टरमध्ये भरून निघतात. कॉलेजात तेवढ्यात पहिली मिडटर्म होऊन गेलेली असते. आणि १०१ नापास झालं तर नुसतं ट्रान्सक्रिप्ट बिघडत नाही, डिप्लोम्यातलं इंग्रजीचं अख्खं वर्ष उघडं पडतं.

कुठला कॉलेज कोर्स शाळेच्या कुठल्या खान्यात बसतो हे स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) ठरवतं, कॉलेज नाही. यूएस हिस्टरीचे कॉलेजात १४६, १४७, १४८ असे तीन भाग आहेत. त्यातला कुठला चालतो हे प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या यादीत वेगळं असू शकतं. ती यादी लेखी मागा. काउन्सेलरने तोंडी “चालेल” म्हटलं तरी त्याच संध्याकाळी ईमेल करून “आपण आज असं बोललो” एवढं लिहून ठेवा. वर्षाच्या मध्यात काउन्सेलर बदलतात, तेव्हा हीच ईमेल कामी येते.

प्रवेशाचा क्रम तसा सरळ आहे. दहावीच्या वसंतात कॉलेजचा ऑनलाइन अर्ज, मग इंग्रजी आणि गणिताचं प्लेसमेंट (कुठल्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणं), मग ओरिएंटेशन, मग एनरोलमेंट व्हेरिफिकेशन फॉर्म, मग रजिस्ट्रेशन. प्लेसमेंटला दरवेळी परीक्षा द्यावी लागतेच असं नाही. बऱ्याच कॉलेजांत शाळेच्या ग्रेड किंवा राज्याच्या स्मार्टर बॅलन्स्ड परीक्षेचे गुण चालतात. इंग्रजी कॉलेज पातळीचं नसेल तर पूर्णवेळचा विचार थांबवा, कारण १०० च्या खालच्या नंबरचे कोर्स रनिंग स्टार्टच्या पैशात बसत नाहीत. गणिताचंही तेच. अल्जेब्रा २ झालेलं मूल प्लेसमेंटमध्ये खाली पडलं, तर तो विषय शाळेतच पुरा करून मग कॉलेजला न्यावा, पैसे भरून घेऊ नये.

व्हेरिफिकेशन फॉर्मवर बरेच जण घसरतात. हा फॉर्म दर क्वार्टरला नवा लागतो. त्यावर काउन्सेलर, पालक आणि विद्यार्थी अशा तिघांची सही असते आणि शाळेत किती तासिका घेणार हे लिहून त्यावरून कॉलेजचे किती क्रेडिट फुकट मिळतील ते ठरतं. शाळा आणि कॉलेज मिळून मर्यादा १.४ एफटीई; एफटीई हे अभ्यासाचा भार मोजायचं माप, पूर्णवेळ म्हणजे १.०. कॉलेजचे १५ क्रेडिट म्हणजे १.०, आणि कॉलेजच्या बाजूला त्याहून जास्त मिळत नाही. म्हणजे पूर्णवेळ कॉलेज करूनही शाळेत ०.४ एवढी जागा उरते. बँड, ऑर्केस्ट्रा किंवा राहिलेलं फिटनेस तिथे बसवता येतं. मर्यादेपलीकडच्या प्रत्येक क्रेडिटचं बिल घरी येतं, आणि कॉलेजची सिस्टिम तुम्हाला थांबवेलच असं धरून चालू नका. वेटलिस्टवरून आपोआप वर्गात घेतलं गेलं आणि १५ चे २० झाले, तर वरचे ५ तुमच्या खिशातून जातात.

फॉल क्वार्टरचा फॉर्म जूनमध्ये शाळा बंद व्हायच्या आत सही करून घ्या. जुलैत काउन्सेलर सुट्टीवर असतात, ते ऑगस्टच्या शेवटी उगवतात. तोवर चांगल्या वेळेचे वर्ग भरून गेलेले असतात. नव्या विद्यार्थ्यांची रजिस्ट्रेशनची पाळी तशीही शेवटी येते. त्यामुळे ओरिएंटेशनची सगळ्यात लवकरची तारीख पकडा, कारण बऱ्याच ठिकाणी ते झाल्याशिवाय रजिस्ट्रेशनच उघडत नाही.

विषय निवडताना साखळीचे विषय आधी मांडा. कॅल्क्युलसचे तीन भाग, इंजिनिअरिंगच्या फिजिक्सचे तीन, केमिस्ट्रीचे तीन. हे क्रमानेच घ्यावे लागतात आणि बऱ्याच कॉलेजांत साखळीचा पहिला भाग फॉलमध्येच सोयीने मिळतो. फॉलमध्ये सीट हुकली तर वर्षाची साखळी तुटते. १५ गुणिले सहा क्वार्टर बरोबर ९०. या गणितात एकही क्रेडिट मोकळा नाही. एखादा विषय सोडावा लागला की डिग्री बारावीच्या जूनमध्ये होत नाही. थोडी ढील हवी म्हणून उन्हाळा वापरता येतो: अलीकडच्या बदलानंतर समर क्वार्टरला १० क्रेडिटपर्यंत रनिंग स्टार्टमध्ये बसतात. पहिल्याच फॉलला मात्र कॅल्क्युलस, केमिस्ट्री आणि इंग्लिश १०१ एकत्र घेऊ नका. माझं मत स्पष्ट आहे: एक अवघड, एक लिखाणाचा, एक हलका. हुशार मुलांच्या आईवडिलांना हे पटत नाही, पण पहिल्या क्वार्टरची ग्रेड पुढे मेडिकलच्या अर्जातही मोजली जाते. हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेज कोर्स मेडिकल स्कूलच्या सामाईक अर्जात दाखवावेच लागतात. डॉक्टर व्हायचं स्वप्न असलेल्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

ट्यूशन माफ असली तरी खर्च शून्य नाही. कॉलेज थोडी फी लावतं, लॅबची फी वेगळी, पुस्तकं तुमची. सायन्सचं पुस्तक आणि ऑनलाइन गृहपाठाचा ॲक्सेस कोड मिळून शंभर डॉलरच्या पुढे सहज जातं, आणि तो कोड सेकंडहँड चालत नाही. वेळापत्रकात ‘लो कॉस्ट’ किंवा खुल्या पुस्तकाची खूण असलेले वर्ग शोधा. कॉलेजांना ती खूण दाखवावी लागते. शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्यांना फी माफ होते, त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. फेडरल आर्थिक मदत हायस्कूलमध्ये असेपर्यंत मिळत नाही, त्यामुळे त्यासाठी वेळ घालवू नका. जायला-यायला मात्र पैसे पडत नाहीत: २०२२ च्या सप्टेंबरपासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना इथल्या बस आणि लाइट रेलने फुकट जाता येतं. युथ ऑर्का कार्ड (इथला बस-रेल्वेचा पास) काढून ठेवलं की झालं.

आपल्या पालकांना सगळ्यात जड जाते ती पुढची गोष्ट. मूल सोळाचं असलं तरी कॉलेजातल्या त्याच्या नोंदींवरचा हक्क फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या फेडरल कायद्याने त्याचा स्वतःचा होतो. प्रोफेसरला तुम्ही ईमेल केली तर उत्तर येणार नाही, किंवा नम्रपणे नकार येईल. मुलाने रिलीज फॉर्मवर सही केली तर ऑफिस माहिती देऊ शकतं, पण त्यानेही प्रोफेसर दर आठवड्याला प्रगती कळवत नाहीत. पेरेंट-टीचर मीटिंग नाही, गैरहजेरीचा फोन नाही. आम्ही घरात एवढंच ठरवलं होतं: रविवारी रात्री मुलीनेच कॅनव्हासवरच्या (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या साइटवरच्या) ग्रेड आणि पुढच्या तारखा आम्हाला दाखवायच्या. पासवर्ड आम्ही मागितला नाही.

विषय झेपत नसेल तर तारखा बघा. साधारण दहाव्या शिकवण्याच्या दिवसापर्यंत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काही उमटत नाही. त्यानंतर काही आठवडे डब्ल्यू (विथड्रॉवल, म्हणजे विषय सोडल्याची नोंद) मिळतो, त्यानंतर जी पडेल ती ग्रेड. नेमकी तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवर असते. एका डब्ल्यूने आकाश कोसळत नाही; एफने मात्र पुढची आर्थिक मदत अडू शकते, कारण ‘समाधानकारक प्रगती’ मोजताना हेही क्रेडिट धरतात. पण विषय सोडण्याआधी काउन्सेलरला कळवा, नाहीतर डिप्लोम्यातलं भोक मे महिन्यात सापडतं.

दोन कॅलेंडर जुळत नाहीत हेही धरून चाला. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते, कॉलेज सप्टेंबरअखेर. सुट्ट्या वेगळ्या, स्प्रिंग ब्रेक बहुधा वेगळ्या आठवड्यात. धाकटं भावंड शाळेत असेल तर घरातली सगळी सहल एकत्र काढता येत नाही, आणि डिसेंबरची भारताची तिकिटं कॉलेजच्या फायनल्स बघूनच काढावी लागतात. बारावीच्या शेवटी तर खरी पंचाईत होते: स्प्रिंग क्वार्टर जूनच्या मध्यापर्यंत चालतो आणि शाळेचा ग्रॅज्युएशन समारंभ त्याच सुमाराला किंवा आधीच असतो. त्यासाठी प्रोफेसरकडून ‘सध्या पास होतोय’ अशी सही आणायचा फॉर्म शाळेत मिळतो. तो मे महिन्यातच मागा. ऑनलाइन वर्गाच्या प्रोफेसरकडून सही मिळायला जास्त वेळ लागतो.

हे सगळं कुणासाठी? वॉशिंग्टनच्याच सरकारी विद्यापीठात जायचं असेल तर हिशेब चोख बसतो. डीटीए (डायरेक्ट ट्रान्सफर ॲग्रीमेंट) नावाची असोसिएट डिग्री घेतली की पहिल्या दोन वर्षांच्या सामान्य अटी बहुतांशी मिटतात. यूडब्ल्यूमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये) ९० क्रेडिट घेऊन गेलं तरी हायस्कूलमधून सरळ येणारं मूल फ्रेशमन म्हणूनच अर्ज करतं. पण यूडब्ल्यूत १०५ क्रेडिटपर्यंत मेजर (पदवीचा मुख्य विषय) ठरवायचा नियम आहे, आणि ९० घेऊन आत गेलेलं मूल पहिल्या क्वार्टरअखेरच तिथे पोचतं. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगसारखं स्पर्धेचं मेजर हवं असेल तर अर्जाच्या आधीच त्या विभागाची वाट नीट वाचा. खासगी किंवा बाहेरच्या राज्यातल्या कॉलेजांचं निराळं आहे: डिप्लोम्यासाठी वापरलेले कॉलेज क्रेडिट त्यातली बरीचशी पुन्हा मोजत नाहीत. तिथेच जायचं ठरलं असेल तर शाळेतले एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेतच शिकवले जाणारे कॉलेज पातळीचे) विषय आणि अर्धवेळ रनिंग स्टार्ट हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आणि ज्या मुलाचा सगळा जीव रोबोटिक्स क्लबात किंवा मार्चिंग बँडमध्ये आहे, त्याला फक्त ट्यूशन वाचते म्हणून कॉलेजात ढकलू नका. नियमाने रनिंग स्टार्टची मुलं शाळेचे विद्यार्थी राहतात, खेळू शकतात, पण दुपारी अडीचला कॉलेजातून शाळेत पोचणं रोज जमत नाही.

शेवटचे दोन कागद. डिग्री आपोआप मिळत नाही, तिच्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि त्याची मुदत बहुधा शेवटचा क्वार्टर सुरू व्हायच्या आसपास संपते. दुसरं, हायस्कूल ट्रान्सक्रिप्टवर कॉलेजच्या ग्रेड दिसतात म्हणून विद्यापीठ त्यावर क्रेडिट देत नाही. कॉलेजचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट वेगळं मागवावं लागतं. ते स्प्रिंगच्या ग्रेड लागून डिग्रीची नोंद पडल्यावरच मागवा. घाईत आधी पाठवलेल्या प्रतीत शेवटचे १५ क्रेडिट नसतात आणि तीच फी पुन्हा भरावी लागते.