दोनच मिनिटं

"दोनच मिनिटं हो, बायको मेडिकलमध्ये गेलीय." दादरला सिग्नलच्या तोंडाशीच गाडी उभी. चारही इंडिकेटर लुकलुकतायत, एसीसाठी इंजिन चालू. मागे खच्चून भरलेली बस.

हिरव्या दिव्याला एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक गाडी सुटते. ३० सेकंदांत, सुरुवातीचं रेंगाळणं वजा जाता, तेरा-चौदा. स्टॉप लाइनजवळ एक लेन अडली की दोन लेनच्या रस्त्यावर निम्म्याच सुटतात. गंमत म्हणजे तीच गाडी शंभर मीटर मागे उभी असती तर एवढं बिघडलं नसतं. लाल दिवा असताना गाड्या तिला वळसा घालून पुढे दोन्ही लेन भरून घेतात. पण मेडिकल कोपऱ्यावर!

उभ्या इंजिनाला एसीसकट तासाला लिटरभर पेट्रोल लागतं, धूर फूटपाथवर. मागच्यांच्या थांब-चालीत ब्रेक आणि टायर झिजतात. ती बारीक धूळ इलेक्ट्रिक गाडीचीही उडतेच.

बसमध्ये साठेक माणसं. एक सिग्नल हुकला, दोन मिनिटं गेली. साठ जणांची मिळून दोन तास.

चलनात हे कुठल्या रकान्यात लिहितात?