लॉकरमधलं गवत

आमच्या वावरात गवत म्हणजे निंदायची गोष्ट. पऱ्हाटीत माजलं की बाया लावा, मजुरी मोजा. त्यामुळे इथे बर्मिंगहॅमजवळच्या गोदामात एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवून ‘तो ग्रास आहे’ म्हटलं, तेव्हा मला वाटलं, गडी बिनकामाचा असेल. जेवणाच्या सुट्टीत उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या एका वयस्कर सहकाऱ्याने सांगितलं, ग्रास म्हणजे चुगलखोर. पोलिसाला, साहेबाला जाऊन सांगणारा.

लंडनच्या गल्लीबोळात यमक जुळवून बोलायची जुनी खोड. पोलिसाला ‘कॉपर’ म्हणायचं, त्याला यमक ‘ग्रासहॉपर’, म्हणजे नाकतोडा. नाकतोडा उडाला, गवत राहिलं, असं बहुतेक जण सांगतात. दुसरा शब्द ‘नार्क’. तो रोमा या भटक्या लोकांच्या रोमानी भाषेतून आला म्हणतात, आणि रोमानीत नाकाला म्हणतात चक्क नाक! ती भाषा मूळची आपल्याकडचीच. म्हणजे नाक खुपसायला नाकही इथल्यांनी आपलंच घेतलं.

आमचा वर्धा जिल्हा गांधींमुळे कागदावर कोरडा. नाल्याकाठी मोहाची भट्टी मात्र लागायचीच. एकदा बचत गटाच्या बायांनी ठरवून ठाण्यात कळवलं. पोलीस आले, डबे फोडले, सडवा नाल्यात ओतला. दोन दिवस गावभर आंबट वास. रात्री पारावर एकच प्रश्न, ‘कोनं सांगतलं बे?’ फोन माझ्या आईने केला होता. आठवडाभर चक्कीवर तिच्याशी कोणी बोललं नाही. शेजारच्या काकू तेवढ्या ‘बरं केलं माय’ म्हणाल्या, तेही दार लोटून घेऊन. नवऱ्याचा मार खाऊन बाईनं सांगितलं, तरी पारावर ती चुगलीच.

हे मी त्या बेलफास्टवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे शब्द ‘टाउट’. 1983 मध्ये तिथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेतून फुटलेल्या एका माणसाच्या साक्षीवर 22 जण दोषी ठरले आणि 1986 मध्ये त्यातले 18 अपिलात सुटले. अशा साक्षीदाराला वर्तमानपत्रं ‘सुपरग्रास’ म्हणायची. टाउट ठरवून गोळ्या घातलेल्यांचं सांगताना म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. आजूबाजूला आम्ही दोघंच होतो, तरी.

तो खाली आलेला आवाज माझ्या ओळखीचा. माझी मावशी गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात दिली आहे. तिथे ‘खबऱ्या’ हा शब्द थट्टेत कोणी काढत नाही. नक्षलवाद्यांनी खबऱ्या म्हणून मारलेल्या माणसाजवळ तसं लिहिलेली चिठ्ठी सापडायची. पोलीस दारात पाणी मागायला आला तरी मावशीचा जीव वरखाली. पाणी दिलेलं कोणी पाहिलं तर?

त्यापुढे माझं प्रकरण अगदीच किरकोळ. गेल्या महिन्यात एका फोर्कलिफ्टचा ब्रेक नीट लागत नव्हता. चालवणारा म्हणाला, बोलू नकोस, गाडी काढून घेतील, माझा ओव्हरटाइम जाईल. दोन दिवस गप्प बसलो, तिसऱ्या दिवशी सुपरवायझरला सांगितलं. दुसऱ्या सकाळी लॉकर उघडलं तर आत हिरवंगार गवत. हिरवळीवरून मूठभर उपटून फटीतून कोंबलेलं, मुळांना ओली माती तशीच.

फोटो काढून आईला पाठवला. आधी ती पोटभर हसली. मग विचारते, ‘ढोराईले घालाले तरी कामाचं हाय का ते?’